रिव्हॉल्व्हर कोणती घ्यावी, हा दुसरा प्रश्न

जालना जिल्ह्यात चळवळीचं काम करणारी तरुण पोरं अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात. शिबिर संपलं, सतरंज्या गोळा झाल्या की एखादा बाजूला घेतो आणि हळू आवाजात म्हणतो, "दादा, शर्टाखाली दिसणार नाही अशी बारकी रिव्हॉल्व्हर कोणती? परवाना मिळेल का?" विचारणारा गुंड नसतो. कुणी गायरानाच्या केसमध्ये साक्षीदार असतो, कुणी राखीव जागेवरून निवडून आलेला ग्रामपंचायत सदस्य, तर कुणी जयंतीच्या मिरवणुकीवरून झालेल्या भांडणात फिर्यादी. त्याला धमकी आलेली असते, आणि धमकी देणारा रोज त्याच रस्त्याने बुलेटवर जात असतो.

या प्रश्नावर आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात. पहिलं, "बाबासाहेबांनी पेन दिलं, बंदूक नाही" असं म्हणून पोराला गप्प बसवणं. दुसरं, "ईंट का जवाब पत्थर से" म्हणत टाळ्या घेणं. पहिलं उत्तर देणारा त्या पोराच्या गल्लीत राहत नाही आणि दुसरं देणारा त्याच्या जामिनाला उभा राहत नाही. म्हणून या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं ठरवलं आहे.

भीती खोटी नाही

ही भीती कुठून येते ते आधी मान्य केलं पाहिजे. १९७८ च्या २७ जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरं जळू लागली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं गेलं. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १ मे १९८१ ला झाला. जिल्हा वेगळा झाला, गावगाडा तोच राहिला. २००६ मध्ये खैरलांजी घडलं. २०१४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात शाळकरी मुलाला मारलं गेलं आणि २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्याच २०१४ साली आपल्या जालना जिल्ह्यातल्या नानेगावच्या दलित सरपंचाचा खून झाला. १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून तरुणाला भोसकलं.

१ सप्टेंबर २०२३ च्या अंतरवाली सराटीतल्या लाठीमारानंतर अंबड-घनसावंगी पट्ट्यात गावागावांत माणसं जातवार विभागली गेली. अशा ताणात बौद्ध आणि मातंग वस्ती सर्वांत आधी मोजली जाते, कारण ती संख्येने लहान आणि गावाच्या एका टोकाला असते. तेव्हा पोरगा घाबरला तर त्याला भेकड म्हणू नका. आणि "पोलिसांकडे जा" असंही सहज म्हणू नका. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर पोलिसांनी धरपकड केली आणि सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. ज्याने रक्षण करायचं त्याच्याच ताब्यात वकिलीचा विद्यार्थी मरतो, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक वस्तीने पाहिलं आहे.

शस्त्र कुणाकडे आहे?

"दलितांना शस्त्र दिलं तर हिंसा वाढेल," हा आक्षेप लगेच येतो. जणू आज गावात शस्त्रच नाही! शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनानंतर जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा आकडा बाहेर आला. तो बाराशेच्या वर होता. कमरेला पिस्तूल लावून रील काढणारे, लग्नात हवेत बार उडवणारे लोक महाराष्ट्राने पाहिले. ओरड झाल्यावर प्रशासनाला शंभराहून अधिक परवाने रद्द करावे लागले. म्हणजे ते परवाने देण्याची गरज मुळातच नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरात सत्ताधारी आमदारावर पोलीस ठाण्याच्या आतच परवान्याच्या पिस्तुलातून गोळीबार केल्याचा गुन्हा दाखल झाला. ठेकेदार, वाळूवाले, प्लॉटिंगवाले, पुढाऱ्यांचे पाहुणे यांच्याकडे परवाना असतो तेव्हा तो "प्रतिष्ठा" म्हणवला जातो. वस्तीतल्या साक्षीदाराने अर्ज केला की तोच "कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न" होतो.

हा भेद आजचा नाही. १९३६ च्या 'जातीचे निर्मूलन' या ग्रंथात बाबासाहेबांनी विचारलं होतं की या देशात इतका अन्याय असून सामाजिक क्रांती का झाली नाही. त्यांचं उत्तर होतं की चातुर्वर्ण्याने खालच्यांना शस्त्रही नाकारलं, शिक्षणही नाकारलं आणि राजकीय सत्ताही नाकारली. युरोपातल्या गरिबाला सैन्यसेवा, मताधिकार आणि शिक्षण ही तीन साधनं मिळाली. आपल्याला तिन्ही नाकारली गेली. इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्याने सगळ्या हिंदी लोकांवर बंधन घातलं आणि पुढे महारांची सैन्यभरतीही बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. शस्त्र कुणी धरायचं हे या देशात जातीने ठरवलं आहे, आणि ज्यांना हे ठाऊक नाही त्यांनी आम्हाला अहिंसा शिकवू नये.

कायदा काय म्हणतो

आता मूळ मुद्दा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. नियम ३ प्रतिबंधात्मक उपायांचा आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांनी तो वाचला आहे?

त्यात लिहिलं आहे की जिथे अत्याचार होण्याची शक्यता आहे असा भाग राज्य सरकारने निश्चित करावा. त्या भागात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीचे नसलेल्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि स्नेह्यांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा शस्त्रं जप्त करावीत. आणि जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना शस्त्र परवाने द्यावेत. विशेष पोलीस दल तैनात करावं. दर तिमाहीला आढावा घ्यावा.

पुन्हा वाचा. आपल्याला परवाना द्या, ही कुणा भडक पुढाऱ्याची घोषणा नाही. ती भारत सरकारच्या नियमात आहे. हाथरसनंतर २०२० मध्ये चंद्रशेखर आझाद यांनी २० लाख बहुजनांना परवाने आणि खरेदीवर ५० टक्के अनुदान मागितलं तेव्हा वाहिन्यांवर गहजब झाला. त्या चर्चेत बसलेल्यांनी नियम ३ उघडून पाहिला असता तर निम्मा गहजब तिथेच संपला असता.

नियमाचा क्रमही पाहा. समोरच्याचं शस्त्र काढून घेणं आधी आहे आणि आपल्याला देणं नंतर. हा क्रम मला बरोबर वाटतो, आणि आपली मागणीही याच क्रमाने असली पाहिजे.

जालन्यात परवाना देणारा अधिकारी कोण? जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी. अत्याचार नियमांच्या नियम १७ खालच्या जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीचा अध्यक्ष कोण? तोच जिल्हाधिकारी. कोणत्या गावात तणाव आहे हे ज्या टेबलावर येतं, त्याच टेबलावर शस्त्र परवान्याची फाइल येते. मग या दोन फाइली एकमेकींना कधी भेटतात का? ज्या गावात अत्याचाराचा गुन्हा नोंदला, त्या गावातल्या आरोपींचे आणि त्यांच्या भाऊबंदांचे परवाने तपासले गेले का? हा प्रश्न समितीच्या प्रत्येक बैठकीत विचारला गेला पाहिजे. ती बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी.

अर्ज कुठे अडतो

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. तेव्हा "तुझ्याकडे आहे काय राखायला?" असं टेबलापलीकडचा कारकून म्हणाला तर त्याला हे कलम दाखवा. नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि कलम १८ खाली अपील करता येतं. वय २१ पूर्ण हवं, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं, पोलिसांचा अहवाल हवा.

खरी मेख याच अहवालात आहे. आपल्या कार्यकर्त्यावर रास्ता रोकोचे, जमावबंदी मोडल्याचे, "शासकीय कामात अडथळा" आणल्याचे गुन्हे असतात. अत्याचाराची फिर्याद दिली की समोरून दरोड्याची उलटी फिर्याद येते. अहवालात हे सगळं "गुन्हेगारी पार्श्वभूमी" म्हणून उतरतं.

त्याहून वाईट गोष्ट चॅप्टर केसची. गावात तणाव झाला की पोलीस "दोन्ही बाजूंवर" चॅप्टर करतात, शांततेचं बंधपत्र लिहून घेतात आणि आपले लोक कटकट नको म्हणून सही करतात. शस्त्र कायद्याच्या कलम ९ नुसार असं बंधपत्र देण्याचा आदेश ज्याच्यावर आहे त्याला बंधपत्राची मुदत संपेपर्यंत शस्त्र बाळगता येत नाही. म्हणजे ज्याच्यावर हल्ला झाला तो हल्लेखोराच्या पंक्तीत बसवला जातो आणि कायद्याने अपात्र ठरतो. म्हणून चॅप्टर केसच्या नोटिशीवर वकील न घेता सही करू नका. रिव्हॉल्व्हर हवी असो वा नसो, ही सवय आजच लावून घ्या.

आणि आता त्या बारक्या रिव्हॉल्व्हरबद्दल

समजा परवाना मिळाला. मग काय घ्यावं? २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाची .३२ बोअरची हलकी रिव्हॉल्व्हर आणली. टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत १,२२,३६० रुपये. दिल्लीच्या निर्भयाच्या आठवणीवरून नाव आणि स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल अशी जाहिरात. महाराष्ट्रात रोजगार हमीची केंद्राने ठरवलेली मजुरी २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये होती. २०१४ चीच किंमत धरली तरी शेतमजूर बाईला त्या रिव्हॉल्व्हरसाठी ४१२ दिवस राबावं लागेल, तेही एक घास न खाता. केंद्राची हमी तेव्हा वर्षाला कुटुंबामागे १०० दिवसांची होती. अत्याचार सर्वांत जास्त जिच्यावर होतो तिच्यासाठी हे शस्त्र कधीच नव्हतं. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्याने 'निडर' ही .२२ बोअरची त्याहून हलकी आणि स्वस्त रिव्हॉल्व्हर काढली.

पोरांना वाटतं, जितकी बारकी तितकी बरी. ते तसं नाही. नळी आखूड असली की नेम धरायला अंतर कमी मिळतं, हात जरासा हलला तरी गोळी भलतीकडे जाते. वजन हलकं असलं की झटका जास्त बसतो. दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा ओढायला बोटात जोर लागतो, आणि मूठ लहान असेल तर तो जोर लावताना नळीच वळते. .२२ ची गोळी तर अंगावर धावून येणाऱ्याला थांबवेल याची खात्री नाही. रिव्हॉल्व्हरचा एक गुण खरा आहे. तिची रचना साधी असते, आणि एक काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा घोडा ओढला की पुढचं येतं. पण जी खिशात सर्वांत सहज मावते ती चालवायला सर्वांत अवघड असते. तिला सरावलेला हात लागतो. सरावाला रेंज लागते, काडतुसं लागतात, पैसा लागतो. म्हणून ज्याला खरोखर परवाना मिळाला आहे त्याने सर्वांत बारकीच्या मागे लागू नये. साधी, थोडी वजनदार .३२ ची सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर घ्यावी, प्रशिक्षण पूर्ण घ्यावं आणि घरात ती कुलपात ठेवावी. घरातलं भरलेलं शस्त्र रागाच्या किंवा निराशेच्या एका रात्रीत आपल्याच माणसाचा जीव घेऊ शकतं.

झाकून बाळगण्याबद्दल पोरांना वाटतं की तो गुन्हा आहे. उलट आहे. परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये आणि झाकूनच न्यावी, असंच २०१६ चे शस्त्र नियम सांगतात. मिरवणं, उगारणं, मिरवणुकीत बार काढणं हाच गुन्हा आहे. जयंतीच्या गाडीवर उभं राहून रिव्हॉल्व्हर दाखवणारा पोरगा समाजाचं रक्षण करत नाही, तो पुढच्या वर्षीच्या मिरवणुकीची परवानगी घालवतो.

सहा गोळ्या आणि सारा गाव

पण खरा प्रश्न असा आहे की ती रिव्हॉल्व्हर वाचवील का? खैरलांजीत जमाव होता. खेड्यातला अत्याचार बहुतेक वेळा जमावच करतो. पन्नास माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन आली तर सहा गोळ्यांचा हिशोब कुठे लागतो? दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश यांना मारणारे दुचाकीवरून आले, क्षणात गोळ्या झाडून गेले. खिशात हात जायला वेळ कुठे होता? आणि गिरणी बंद, दुकान बंद, मजुरी बंद अशा बहिष्कारावर कोणती गोळी चालवणार? बहिष्कार हा अत्याचार कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे, आणि तो नोंदवून घेणं हेच तिथलं शस्त्र आहे.

समजा गोळी चालवून जीव वाचला. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आत्मसंरक्षणाचा हक्क आहे, आणि मरणाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तर तो हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जातो. कागदावर तो सगळ्यांना सारखा आहे. पण त्या रात्री पंचनामा कोण लिहिणार? साक्षीदार कोणत्या गल्लीतले असणार? याचा विचार करूनच परवाना मागा.

गावठी कट्ट्याबद्दल तर एकच वाक्य. हात लावू नका. विनापरवाना शस्त्र सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे, आणि त्या दिवसापासून तुमच्या अत्याचाराच्या केसचा फिर्यादी आरोपी होतो. जातदांडग्यांना याहून स्वस्त विजय मिळणार नाही.

मग अर्ज का करायचा?

तरीही मी म्हणतो, ज्याला खरी धमकी आहे त्याने अर्ज करावाच. १९५६ मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा त्यांनी लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना मागितला आणि अलाबामाने तो नाकारला. अहिंसेच्या या नेत्याला अर्ज करताना संकोच वाटला नाही. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले तेव्हा कॅलिफोर्नियाने घाईघाईने नवा कायदा करून ते बंद केलं. शस्त्राचा नियम कुणासाठी कसा वाकतो, हे तिथेही दिसलं.

अर्ज केला की धमकी कागदावर येते. नकार आला की सरकारला लिहून द्यावं लागतं की या माणसाला शस्त्राची गरज नाही, म्हणजेच त्याचं रक्षण आम्ही करू. तो कागद अपिलात चालतो, उच्च न्यायालयात चालतो, आणि उद्या काही झालं तर कलम ४ खाली कर्तव्यात कसूर केलेल्या अधिकाऱ्याविरुद्ध तोच बोलतो. कलम १५-अ खाली पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण देणं राज्याचं कर्तव्य आहे, तोही अर्ज त्याच दिवशी सोबत द्या.

काही बांधव म्हणतील, हे धम्माला धरून आहे का? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सीह सेनापतीचा प्रसंग वाचा. मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेब फरक करतात. दुष्टापुढे मान तुकवणं ही अहिंसा नव्हे. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनीच बजावलं की सनदशीर मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्गांना जागा नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. मार्ग खुले ठेवण्याची जबाबदारी राज्याची आहे, आणि ते खुले आहेत की नाहीत हे दार ठोठावूनच कळतं.

म्हणून जालना जिल्ह्याच्या समितीपुढे आपल्या मागण्या अशा असाव्यात. एक, आठही तालुक्यांतली अत्याचारप्रवण गावं जाहीर करा. दोन, त्या गावांतल्या अत्याचाराच्या आरोपींचे आणि त्यांच्या नातेवाइकांचे शस्त्र परवाने तपासा, रद्द करा, शस्त्रं जमा करा. तीन, फिर्यादी आणि साक्षीदारांवरच्या सरसकट चॅप्टर केसेस थांबवा. चार, ज्याला धमकी आहे त्याला संरक्षण द्या. ते देता येत नसेल तर नियमाप्रमाणे परवाना द्या.

दुसरी मागणी पूर्ण झाली तर चौथीची गरज फार थोड्यांना पडेल. वस्तीतल्या पोराला रिव्हॉल्व्हर कमरेला लावून झोपायची हौस नाही. त्याला निवांत झोपायचं आहे. ती झोप देणं सरकारचं काम आहे, आणि ते होत नाही तोवर आपले अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचत राहिले पाहिजेत, प्रत्येकाची पोचपावती घेऊन.

जय भीम.